भांड्याच्या वाट्याचं पाणी

आमच्या घरात कमोड आला, तो सासूबाई कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढल्या म्हणून. त्यांना तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं. आता मी त्याहून सात वर्षांनी मोठी आहे आणि स्टुलाकडे नुसती बघते. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आई, राहू द्या, मी पुसते." त्या म्हणाल्या, "तू पुसलंस की मला परत पुसावं लागतं." आणि पुढच्याच क्षणी स्टूल एकीकडे नि त्या एकीकडे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बाजूला घेऊन सांगितलं, "चालतील, फिरतील, तुमच्याशी भांडतीलही. पण यापुढे उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही."

मामंजी घरी आले ते चपलाही न काढता संडासाचं दार उघडून उभे राहिले. आत जमिनीत बसवलेलं जुनं भांडं होतं. इतकी वर्षं त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. त्यांनी ते नीट बघितलं. मग म्हणाले, "सूनबाई, हे जायला हवं."

खरी अडचण वेगळीच होती. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, दुसऱ्या गावी राहायच्या. बसने आठ तास. त्यांचं घर तळमजल्यावर, संडासात भिंतीला धरायला दांडे आणि बसायला कमोड. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. वन्संनी फोनवर मला सरळ सांगितलं, "वहिनी, शनिवारी आईला सोडणार आहेत. मी गुरुवारीच येते. तुमच्याकडची सोय मला पटली तर आई तिथं राहील. नाहीतर हॉस्पिटलच्या दारातूनच गाडीत घालून इकडे आणते, कायमची."

"आणि मामंजी?" मी विचारलं.

"इकडे एकच खाट मावते," त्या म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या घरी सासू, सासरे, तीन मुलं, सगळी होती.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मामंजी आणि सासूबाई आठवड्याभराहून जास्त कधी वेगळे राहिले नव्हते. मी हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन गेले तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "मला घरी ने गं. लेकीकडे मी पाहुणी होईन. पाहुणीला कपाटं उघडता येत नाहीत." मी हो म्हटलं. म्हणून सगळा आठवडा माझा जीव त्या संडासात अडकला होता.

सोमवारी सकाळी प्लंबर आला. उंच, जाडजूड, कामाला हात घातला की गुणगुणायला लागणारा. जुनं भांडं फोडलं, फरशी बसवली, पांढराशुभ्र कमोड ठेवला, मागे टाकी जोडली. संध्याकाळी पाच वाजता म्हणाला, "या वहिनी, उद्घाटन करा." मी टाकीचा दांडा दाबला. पाणी गरगरत गेलं आणि भांड्यात पुन्हा छान वर आलं. हे, म्हणजे माझे यजमान, मागून म्हणाले, "दिवाणखान्यात ठेवावा असा आहे." मामंजींनी फूटपट्टी आणून भांड्यातल्या पाण्याची खोली मोजली आणि वहीत लिहून ठेवली.

त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मामंजींनी अडतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले होते. घरोघर जायचं, आकडा लिहायचा, कुठे गळत असेल तर सांगायचं. त्यांना रस्त्याच्या पलीकडच्या घरातली ठिबक ऐकू यायची. एका लग्नात जेवणाचं ताट तसंच सोडून ते हॉलच्या मागे गेले आणि तिथला गळका नळ बंद करून मगच जेवायला बसले. पण गळतीवरून कुणाला चारचौघांत बोलायचे नाहीत. घरातल्या बाईला बाजूला घेऊन हळूच म्हणायचे, "ताई, तुमचा नळ जरा रडतोय." साहेबांची बोलणी खाऊन त्यांनी नोकरी केली होती. दुसऱ्याला बोलणी खायला लावायची नाहीत, हा त्यांचा नेमच होता.

मंगळवारी सकाळी मी संडासात गेले तर भांड्याच्या तळाशी कपभर पाणी. गटाराचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. दांडा दाबला, पाणी धो धो गेलं, टाकी भरल्याचा आवाजही आला, पण भांड्यात पुन्हा तेवढंच कपभर.

प्लंबरला हार्डवेअरच्या दुकानात निरोप ठेवला. तासाभरात तो आला. टाकीचं झाकण उचललं, आत बघितलं, आणि त्याचं गुणगुणणं एकदम थांबलं. हात आत घातला, काहीतरी केलं, झाकण ठेवलं.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"हवा," तो म्हणाला.

"हवा म्हणजे?"

"गच्चीवर हवेचा पाइप असतो ना, तो तुंबला की पाणी खाली ओढलं जातं. बघून येतो."

तो गच्चीवर गेला आणि खरोखरच पाइपाच्या तोंडातून पाखराचं घरटं काढून आणलं. नुसत्या काड्या नि कापूस. दांडा दाबला, पाणी वर आलं. मामंजींनी पट्टी घातली, वहीत लिहिलं, प्लंबरला स्वतः चहा करून दिला. "मेहनती माणूस आहे," तो गेल्यावर म्हणाले.

बुधवारी सकाळी पुन्हा कपभर.

आता घरात मतं सुरू झाली. हे म्हणाले, "आत कुठेतरी चिंधी अडकली असणार. चिंधीचं एक टोक पाण्यात, एक पलीकडे, की ती थेंबाथेंबाने सगळं पाणी ओढून घेते." हे बँकेत होते, पण सांगताना असा आव की जन्म गटारात गेला. यांनी तार घालून अर्धा तास खरवडलं, पण निघालं काहीच नाही. तारच वाकडी झाली.

प्लंबर आला. झाकण उचललं, पुन्हा गप्प, पुन्हा हात आत, पुन्हा झाकण बंद. कपाळावर घाम. "भांड्याला तडा असेल, वहिनी. नजरेला दिसत नाही असा. शाई आहे का?"

भांड्यात पाणी वर आल्यावर यांच्या पेनची अख्खी दौत त्यात ओतली. प्लंबरने बजावलं, "संध्याकाळपर्यंत कुणी वापरायचं नाही. निळं पाणी खाली उतरलं तर तडा." त्या दिवशी आम्ही आळीपाळीने खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे जात होतो. त्या दारात खुर्ची टाकूनच बसल्या होत्या. "या, या. तुमच्याकडे एवढा नवा कोरा आणला, पण पाय मात्र आमच्याच जुन्याकडे वळतात हो," म्हणायच्या. मामंजी गेले तेव्हा मात्र त्या नुसतं पदरात हसल्या.

संध्याकाळी शाईचं पाणी जिथल्या तिथे. तसूभर हललं नव्हतं. म्हणजे तडा नाही. दांडा दाबला, निळं पाणी गेलं आणि खाली उरलं पुन्हा तेच कपभर.

गुरुवारी मी प्लंबरला आधीच बोलावून घेतलं. त्याने येऊन झाकण उघडलं, हात घातला, पाणी वर आणलं, आणि हात टेकल्यासारखा माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, मी दोनशे कमोड बसवलेत. हा एकच माझ्याशी वाकड्यात शिरलाय." संध्याकाळी वन्सं आल्या. बॅग दारातच ठेवून त्या आधी संडासात गेल्या. मी मागे उभी. खाली बघते तर कपभर.

"वहिनी," त्या शांतपणे म्हणाल्या, "वास येतोय."

"उद्या होईल नीट."

"मी काही वाईटपणे बोलत नाही. पण आईचा पाय असा. तिला दर वेळी बादली उचलून ओतायला लावणार का तुम्ही?" त्यांनी आईचे कपडे ठेवायला रिकामी सूटकेस आणली होती, ती माझ्याकडे दिली. मी ती पलंगाखाली सारली. मामंजी दाराशी उभं राहून सगळं ऐकत होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

शुक्रवारी सकाळी वन्सं आंघोळीला गेल्या, आणि मी एक तांब्या घेऊन संडासात शिरले. चार दिवस सगळे हुशार लोक बोलत होते, आता आपण आपल्या अकलेने बघू म्हटलं. तांब्यातलं पाणी भांड्याच्या कडेने अगदी सावकाश सोडलं. पाणी चढत गेलं, सोमवारी होतं तिथपर्यंत. मी थांबले. भाजी चिरून आले, कपडे वाळत घालून आले. पाणी तिथेच. मग तडा नाही, चिंधी नाही, हवाही नाही. भांडं पाणी धरून ठेवतंय. त्याला कुणी देतच नाहीये.

तेवढ्यात मामंजी आले, हातात वही. "सूनबाई, प्लंबरला फोनवर सगळे आकडे वाचून दाखव. मला दुकानातल्या गोंगाटात ऐकू येत नाही. मी तारीखवार, वेळवार सगळं लिहिलंय. काही सापडलं तर सापडेल."

मी फोन लावला. प्लंबर लाइनीवर आला. मी वही उघडली आणि मामंजींच्या टपोऱ्या अक्षरातलं वाचू लागले. "सोमवार. संध्याकाळी पाच वाजता. पाच इंच."

"बरोबर," प्लंबर म्हणाला.

पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, पण तोंडून निघेना. सोमवार, सहा वाजता. टाकीत बारीक गळती आढळली. बंद केली. प्लंबरला बोललो नाही, बिचारा दिवसभर राबला आहे.

मंगळवार, दुपारी. गळती पुन्हा. बंद केली. बुधवार, गळती पुन्हा. बंद केली. गुरुवार, तेच.

"हॅलो? वहिनी? पुढं?"

मामंजी माझ्याकडे आशेने बघत होते. एवढ्या स्वच्छ मनाने माझ्या हातात वही देऊन उभे. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि कळसा मामंजींच्याच काखेत.

"तुम्ही याच," मी फोनमध्ये म्हटलं. "आत्ता या."

सासऱ्यांना तोंडावर "चूक तुमची" म्हणायची त्या घरात रीत नव्हती, आणि मला म्हणायचंही नव्हतं. प्लंबर आला तेव्हा मी मामंजींना म्हटलं, "तुम्हीही चला. मला टाकी कशी चालते ते शिकायचंय. उद्यापासून मलाच सांभाळायचीय. मला एकटीला समजलं नाही तर तुम्ही समजावाल."

संडासात आम्ही तिघं. दोघांना जागा होती, पण उभे राहिलो. प्लंबरने झाकण उचललं. मी पहिल्यांदाच आत डोकावले. मधोमध एक जाड पाइप उभा, आणि पाणी भरणाऱ्या नळापासून निघालेली एक बारीक रबरी नळी टाकीतल्या पाण्यात लोंबत होती. प्लंबरने घाईने ती उचलली आणि जाड पाइपाच्या तोंडात खोचली.

"थांबा," मी म्हटलं. "हे काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही कसं? ताकाला जाऊन भांडं का लपवता? सांगा की."

तो कावराबावरा झाला. मग शिकवायचं म्हटल्यावर त्यालाही हुरूप आला. "हे बघा वहिनी. दांडा दाबला की भांड्यातलं पाणी जातं ते सगळं घेऊन जातं, मागे काही ठेवत नाही. मग टाकी भरायला लागते. ती भरता भरता ही बारीक नळी या उभ्या पाइपात थोडं पाणी सोडत राहते, आणि ते खाली उतरून भांड्यात येतं. ते भांड्याच्या वाट्याचं. ते नाही मिळालं तर भांडं कोरडं आणि वास घरात."

मामंजी वाकून बघत होते. "हा उभा पाइप गटारात जात नाही?"

"भांड्यात जातो, काका."

"थेट?"

"थेट."

मामंजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि पुन्हा बघितलं. मग सरळ उभे राहून म्हणाले, "ती नळी मी काढत होतो."

प्लंबर त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही?"

"रोज. पाणी पाइपात धार लावून जाताना दिसलं. मला वाटलं, तुमच्या हातून गळती राहून गेली. बोललो असतो तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. इतकं मन लावून काम करता."

प्लंबर कमोडच्या झाकणावर मटकन बसला. "आणि मला वाटलं, नळीला लावलेली माझीच क्लिप सुटते. रोज येऊन बघतो तर नळी बाहेर. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, याला साधी क्लिप बसवता येत नाही. म्हणून मी आपला गुपचूप खोचून हवा सांगितली, तडा सांगितला. काका, चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही."

"मलाही नाही," मामंजी म्हणाले.

"आणि ते घरटं?" मी विचारलं.

"घरटं खरंच होतं. पण जुनं. त्यानं काही बिघडत नव्हतं."

मला आधी हसू फुटलं. मग प्लंबरला. त्याचं पोट हलायला लागलं तसं झाकण करकरलं. मामंजी शेवटी हसले, पण असे हसले की भिंतीला हात टेकावा लागला. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दारात वन्सं. "तुम्ही तिघं संडासात काय करताय?"

मामंजींनी त्यांना सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. वन्संही हसल्या, नाही असं नाही. पण मग म्हणाल्या, "बाबा, म्हणजे नीट असलेली वस्तू तुम्हीच बिघडवत होता. उद्या आई पडली, तिचं औषध, तिची काठी, हे सगळं तुमच्या भरवशावर? मला तर आता आणखीच भीती वाटते."

मामंजींचं हसू गेलं. थोड्या वेळाने ते मला म्हणाले, "ती बोलते ते बरोबर आहे, सूनबाई. सूटकेस काढून ठेव." पलंगाखालची सूटकेस मी काढली नाही. मला सापडत नाही असं सांगितलं.

शनिवारी आम्ही सगळे हॉस्पिटलात. खाली वन्संनी ठरवलेली भाड्याची गाडी उभी. सासूबाई खुर्चीत बसून होत्या, वॉकर पुढ्यात, केस विंचरलेले. वन्संनी त्यांना कमोडची हकिगत सांगितली, चार दिवसांची, नळीसकट. हेतू स्पष्ट होता. ऐकून आईने स्वतःच म्हणावं, चल बाई तुझ्याकडे.

सासूबाई ऐकत होत्या. हकिगत शाईपर्यंत आली तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले. दोघं एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले, इथपर्यंत आली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुबा धरला. "पुरे गं," त्या हसता हसता म्हणाल्या, "टाके दुखतायत." डोळे पुसून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आता पाणी भरतंय का?"

"भरतंय, आई. सकाळीच बघून आले."

"मग झालं की. घरी चला."

"आई, नीट ऐकलंस का?" वन्सं म्हणाल्या. "उद्या हे आणखी काहीतरी काढून ठेवतील."

"ठेवतील. सेहेचाळीस वर्षं ठेवतायत. लग्नानंतर पहिल्या महिन्यात यांनी घड्याळाचा काटा काढून ठेवला होता, आवाज करतो म्हणून. तुझ्या घरात सगळं नीट चालतं, बाई. मी तिथं दिवसभर कुणावर डोळा ठेवू?"

मामंजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत, पण म्हणाले, "माझ्यामुळे तुला त्रास होईल. वास आला चार दिवस. पोरीकडे सुखात राहशील."

"अहो, इकडे बघा," सासूबाई म्हणाल्या. "बिघडवलंत, पण कबूल कुणी केलं? तुम्हीच ना? मग माझं औषध राहिलं तर तेही कबूल कराल. मला एवढं पुरतं. आणि माझी चप्पल द्या, त्या नर्सनं पलंगाखाली सारलीय."

मामंजींनी वाकून चप्पल काढली आणि त्यांच्या पायात घातली. वन्सं आईकडे बघत राहिल्या, मग वडिलांकडे, मग त्यांनी औषधांची पिशवी उचलली. "चला तर. पण संडास मी स्वतः बघितल्याशिवाय गाडी परत पाठवणार नाही."

सासूबाईंना खुर्चीत बसवून दोन मजले वर आणलं. एकीकडून हे, एकीकडून प्लंबर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून खाली येऊन उभा राहिला होता. खालच्या मावशी दारातून म्हणाल्या, "आता आमच्याकडे येणं बंद म्हणायचं." सासूबाई वरून म्हणाल्या, "तुमचीही टाकी दाखवा की आमच्या यांना."

घरात शिरल्यावर त्यांनी चहा नको म्हटलं, पलंग नको म्हटलं. वॉकर टेकत थेट संडासात गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही सगळे बाहेरच्या बोळात, लग्नात नवरी आत तयार होत असताना बाहेर उभे राहतात तसे. वन्सं अगदी दाराला कान लावून.

दांडा दाबल्याचा आवाज आला. पाणी गेलं. मग टाकीत भरू लागलं, आणि त्याखाली एक बारीक धार, नीट कान दिला तरच ऐकू येणारी.

मामंजींचं डोकं त्या आवाजाकडे वळलं. अडतीस वर्षांची सवय. हातही थोडा उचलला गेला.

"अहो," आतून सासूबाई म्हणाल्या, "पाणी चढतंय."

"चढू दे," मामंजी म्हणाले आणि हात खिशात घातला.

वन्संनी दारावरचा कान काढला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, खाली जाऊन गाडीवाल्याला सांगा, जा म्हणावं. मी परवा बसने जाईन." मग बोळातून आत जाता जाता, "आणि आईचे कपडे कुठल्या कपाटात असतात ते दाखवा. वरच्या फळीवरचे सगळे खाली घेऊ. नाहीतर ही बाई पुन्हा स्टुलावर चढेल."